लेसरला दिसलेला काळोख

आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये सगळं यायचं आणि जायचं. मुलं जायची, सर बदलायचे, बल्ब उडायचे. कायमची होती ती बुरशी. रत्नागिरीच्या पावसाळ्यात काचेच्या भिंगावर बुरशी धरते, कोळ्याने जाळं विणावं तशी, बारीक आणि पांढरी. समोरून बघितलं तर दिसत नाही. भिंग उजेडाकडे तिरकं धरायचं, मग दिसते. हे मला कुणी शिकवलं नाही. मी चौथी पास. नवरा याच कॉलेजात शिपाई होता. तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, आणि पहिल्या दिवशी हातात फडकं देऊन सांगितलं, पुसा. मी पुढची एकोणतीस वर्षं पुसलं.

हा अंक काढणाऱ्यांना माझी नोकरी लिहून हवी आहे. सगळी नोकरी लिहिण्यासारखी नव्हती. एक अर्धा दिवस मात्र आहे, तो लिहिते. त्या अर्ध्या दिवसात मी चुकले, मग भ्याले, आणि मग असं काहीतरी बघितलं की अजून भांडी घासताना मध्येच आठवतं आणि हात थांबतो.

आधी काम काय ते सांगते. लॅब अटेंडंट म्हणजे किल्ल्या सांभाळणारी बाई, असं मुलांना वाटतं. किल्ल्या सांभाळणं हे त्यातलं सगळ्यात सोपं. सकाळी सर यायच्या आत प्रत्येक टेबलावर त्या त्या प्रयोगाचं सामान मांडायचं, प्रत्येक तार चालते का बघायची, आणि संध्याकाळी पोरांनी उलटंपालटं केलेलं सरळ करायचं. मुलाचा प्रयोग चुकला तर तो म्हणतो, मावशी, तुमचं सामान खराब. बरोबर आला तर माझं नाव कुणी घेत नाही. यात काही तक्रार नाही, असंच असतं.

आमच्याकडे एक काळोखी खोली होती. खिडक्यांना काळे पडदे. नोकरीला लागून महिनाही झाला नसेल, तेव्हा त्या खोलीत एक प्रयोग चालला होता. दाढीची दोन ब्लेडं धारेसमोर धार ठेवून चिकटवलेली, मध्ये केसाएवढी फट. त्या फटीतून लेसरचा लाल उजेड सोडलेला. समोरच्या भिंतीवर एक लाल रेघ पडायला हवी, असं मला वाटलं. पडले होते लाल ठिपके, ओळीने, मधला मोठा आणि दोन्ही बाजूंना लहान लहान होत गेलेले. दोन ठिपक्यांच्या मध्ये काळे पट्टे. मला वाटलं भिंत कळकटली. मुलं गेल्यावर मी ओल्या फडक्याने भिंत पुसली. दुसऱ्या दिवशी पट्टे तिथेच. मग मी चुना मागून आणला आणि भिंतीला एक हात मारला. तरी पट्टे तिथेच.

नेने सर तेव्हा नवीन होते, अंगाने काटकुळे, बोलायला तुटक. त्यांनी माझ्या हातातला कुंचा बघितला आणि हसू दाबून म्हणाले, "मावशी, ती घाण नाही. तो काळोख आहे."

मी म्हटलं, उजेड सोडला तिथे काळोख कसा? तेव्हा त्यांनी मला भाट्याच्या किनाऱ्याची गोष्ट सांगितली. परत जाणारी लाट आणि येणारी लाट समोरासमोर आल्या की एखाद्या जागी पाणी क्षणभर सपाट होतं, तसं. फटीच्या या बाजूने आलेला उजेड आणि त्या बाजूने आलेला उजेड, दोघे एका जागी भेटतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. उजेडात उजेड मिळवला आणि काळोख झाला. मी त्या संध्याकाळी घरी गेले आणि कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वेडी म्हणाले असते.

हा प्रयोग तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेला असायचा. लेसरच्या समोर, मीटरभर अंतरावर, एक डिटेक्टर बसवायचा. डिटेक्टर म्हणजे उजेड पडला की वीज देणारा तुकडा. तो एका स्क्रूवर बसवलेला असतो. स्क्रू फिरवला की डिटेक्टर केसाकेसाने बाजूला सरकतो, आणि प्रत्येक जागी किती उजेड आहे ते मीटरची सुई सांगते. मुलं स्क्रू फिरवतात, सुई वाचतात, आकडा लिहितात. शेवटी आलेख काढतात. डोंगर, दरी, डोंगर, दरी.

पूर्वी लेसर म्हणजे हातभर लांब काचेची नळी होती आणि ती फोडली तर वर्षभर दुसरी येत नसे. मग नेने सरांनी स्वतः लेसर बनवायला घेतले. तोवर गावात डीव्हीडीची मशिनं लोक टाकून द्यायला लागले होते. सर ती गोळा करायचे. प्रत्येकात एक इवलासा लेसर असतो, वाटाण्याएवढ्या डबीत. डबीच्या आतला खरा तुकडा खसखशीच्या दाण्याहून लहान. मी भिंगातून बघितला आहे. त्यातून वीज सोडली की उजेड निघतो. एवढंसं ते, आणि त्याचा ठिपका समोरच्या इमारतीच्या भिंतीवर पडतो.

सरांनी एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून पितळी नळ्या करून घेतल्या, सगळ्या एका मापाच्या. काहींत लेसर बसवले, काहींत डिटेक्टर. झाळकाम मी करायचे, कारण सरांचा हात थरथरायचा. डबीला तीन पाय असतात. सर म्हणाले, मधला आणि डावीकडचा धरा, उजवीकडचा आपल्याला नको. मी उजवा पाय मुळापासून छाटून टाकायचे. कामात नको ते ठेवलं की पुढे कुणीतरी त्याला तार जोडतं.

नळ्या दिसायला सारख्याच. लाल-काळ्या तारा सारख्याच. फरक एकच. लेसरच्या तोंडाला भिंग असायचं, डिटेक्टरच्या तोंडाला नुसती काच. मी त्यावरून ओळखायचे. भिंग असेल तो लेसर, नसेल तो डिटेक्टर. बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे होते, त्यांवर मी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, लेसर, डिटेक्टर. प्रत्येक डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, दमट हवा शोषून घ्यायला. दर पंधरा दिवसांनी तांदूळ परत भाजायचे.

आता एक मधली गोष्ट सांगायला हवी. एकदा मी खिडकीजवळ बसून नवीन झाळलेला लेसर मीटरला लावला होता. तार नीट चिकटली का एवढंच बघायचं होतं. सुई आपोआप हलली. मी नळीवर हात धरला, सुई खाली. हात काढला, सुई वर. परत केलं, परत तेच. नळीचं तोंड खिडकीतून येणाऱ्या उन्हाकडे होतं. मी नेने सरांना सांगायला गेले, की सर, हा उजेड घेतोय.

सर वह्या तपासत होते. वर न बघता हसले. "मावशी, लेसर उजेड देतो. घेत नाही. तार ढिली असेल."

तार ढिली नव्हती. पण मी चौथी पास, ते एमएस्सी. मी नळी डब्यात ठेवली आणि पुन्हा कधी ती गोष्ट काढली नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्या सालची परीक्षा. पावसाळा नुकताच संपलेला, म्हणजे भिंगांवर बुरशी. आदल्या दिवशी मी सगळी भिंगं काढून स्पिरिटने पुसत होते. एका लेसरच्या भिंगावरची बुरशी निघेना, म्हणून ते काढून कपाटात एका बशीत स्पिरिटमध्ये भिजत ठेवलं. नळी तशीच टेबलावर राहिली, बोडकी.

संध्याकाळी मी नळ्या डब्यांत भरल्या. तुम्ही ओळखलं असेल. भिंग नाही, म्हणजे डिटेक्टर. माझाच नियम, माझ्याच हाताने.

डिटेक्टर जिवंत आहेत का ते बघायची माझी एक युक्ती होती. एसीचा रिमोट त्यांच्या तोंडाशी धरून बटण दाबायचं. रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो, डिटेक्टरला तो दिसतो, सुई थरथरते. दर परीक्षेच्या आधी मी हे करायचे. त्या दिवशी रिमोट कॉम्प्युटरवाल्यांनी नेला होता. मी म्हटलं, जाऊ दे. एकोणतीस वर्षांत मी किती वेळा जाऊ दे म्हटलं ते मोजता येईल, आणि त्यातलं हे एक.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक साळुंखे सर, मूळचे घाटावरचे, उंच, आवाज खणखणीत. मुलांना पहिल्या पाच मिनिटांतच ते आवडले नाहीत. मला आवडले, कारण त्यांनी आल्या आल्या टेबलावर बोट फिरवून धूळ बघितली आणि धूळ नव्हती तेव्हा माझ्याकडे बघून मान हलवली.

तीन नंबरच्या टेबलावर अश्विनी गोताड होती. राजापूरच्या आतल्या गावातली, इथे हॉस्टेलला राहायची, शनिवारी एसटीने घरी. कमी बोलणारी पोर. सामान परत देताना तारा गुंडाळून द्यायची. तेवढं करणारी मुलं मी हाताच्या बोटांवर मोजली आहेत, म्हणून तिचं नाव मला माहीत.

अकराच्या सुमाराला काळोख्या खोलीतून साळुंखे सरांचा आवाज आला. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातात अश्विनीचा कागद होता.

ते नेने सरांना दाखवत होते. बाकीच्या टेबलांवरच्या मुलांच्या आलेखात दरी होती, पण उथळ. सुई खाली यायची, पार शून्याला कधी जायची नाही. त्या सामानावर तसंच यायचं. या मुलीच्या आलेखात दऱ्या थेट तळाला गेलेल्या, कडा चाकूने कापल्यासारख्या. पुस्तकात छापलेलं असतं तसं. ते म्हणाले, वीस वर्षं मी हा प्रयोग घेतोय, या डिटेक्टरवर असे आकडे येत नाहीत. येऊच शकत नाहीत. पोरीने पुस्तकातलं चित्र आठवून आकडे बसवलेत. खाडाखोडसुद्धा नाही.

अश्विनी म्हणाली, "सर, सुईने दाखवलं तेच लिहिलंय."

"बघा की. खोटं बोलताना आवाजसुद्धा कापत नाही," साळुंखे सर म्हणाले, आणि नेने सरांकडे गैरप्रकाराच्या अहवालाचा कागद मागितला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हा कागद गेला की एका प्रयोगाचे मार्क जात नाहीत, सगळी परीक्षा रद्द होते. वर्ष जातं. आणि नावापुढे जे लागतं ते राजापूरपर्यंत एसटीच्या आधी पोचतं.

नेने सरांनी मला कोरा कागद आणायला पाठवलं. कागद कपाटात होते. मी कपाट उघडलं आणि समोर बशी. बशीत स्पिरिट उडून गेलेलं आणि मध्ये ते भिंग.

मला सगळं एकदम कळलं. भिंग इथे, म्हणजे नळी कुठे? डब्यात लेसर एक कमी असणार. टेबलांवरचे धरून मोजले, एक कमी. तीन नंबरच्या टेबलावर डिटेक्टरच्या जागी मी लेसर बसवला होता. लेसरच्या समोर लेसर. एक वीज घेऊन उजेड देतोय आणि दुसरा नुसता मीटरला जोडलेला. आणि त्या दुसऱ्याने सुई हलवली होती.

मी कोरा कागद नेऊन दिला. तोंड उघडलं नाही.

हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण लिहायचं तर हेच लिहायला हवं. मी परीक्षकांचा चहा करायला गेले. परीक्षेच्या दिवशी चहा-पोहे अटेंडंटकडेच असतात. मी पोह्यांवर कोथिंबीर घातली, खोबरं घातलं, आणि मनात हिशेब करत होते. सांगितलं तर मेमो. दोन वर्षं राहिलीत. आणि सांगणार काय? लेसर उजेड घेतो म्हणून? नेने सर एकदा हसले होते, आता दोघे हसतील. असा अर्धा तास गेला. तो अर्धा तास ती पोर काळोख्या खोलीत स्टुलावर बसून होती, आणि मी कोथिंबीर चिरत होते.

मग ती पाणी प्यायला बाहेर आली. रडली नव्हती. ग्लास धुऊन पालथा ठेवलान आणि मला म्हणाली, "मावशी, सुई आधी हलतच नव्हती. म्हणून मी मीटरचं बटण बारीकवर नेलं, तीन खटके. कागदाच्या कडेला तसं लिहिलंय पण. ते कुणी वाचतच नाय."

जिने खोटे आकडे बसवायचे ती कडेला असलं कशाला लिहील? मी पोह्यांची बशी तिथेच ठेवली आणि आत गेले.

मी म्हटलं, "सर, तीन नंबरवर डिटेक्टर नाही. लेसर आहे. मी चुकून लावलाय."

साळुंखे सरांनी पेन थांबवलं. "मग तर प्रश्नच मिटला. लेसर लावलाय म्हटल्यावर सुई हलायचीच नाही. म्हणजे आकडे खोटेच की."

"हलते," मी म्हटलं.

"मावशी, तुम्ही चहाचं बघा."

"चहा झालाय. सुई हलते. तुम्ही येऊन बघा."

कुणी परीक्षकाशी असं बोलत नाही. नेने सर मध्ये पडायला लागले, मी त्यांच्याकडे बघितलं नाही. म्हटलं, लाइट गेली की आमच्या घरचा टेबलफॅन खिडकीतल्या वाऱ्यावर आपला आपण फिरतो. वीज दिली तर तो वारा देतो, वारा दिला तर तोच फिरतो. पाती तीच ना? मग याच्यात वीज घातली तर उजेड निघतो, तर उजेड घातल्यावर वीज का निघू नये?

साळुंखे सरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग एकदम त्यांचा आवाज बदलला, मुलाची तोंडी परीक्षा घेताना असतो तसा. ते म्हणाले, निघते. मोठ्या प्रयोगशाळांत मुद्दाम तसं वापरतातही. मी घाईत बोललो. पण मावशी, या डबीत लेसरच्या पाठीशी एक छोटा डिटेक्टर आधीच बसवलेला असतो. पहारेकऱ्यासारखा. लेसर किती उजेड देतोय ते बघायला. सुई त्याने हलवली असेल. तो बसतो मागे, त्याच्यापर्यंत पोचेल तो सांडलेला उजेड. त्याने असल्या धारदार दऱ्या यायच्या नाहीत.

म्हणजे गोष्ट फिरून पोरीवरच आली. मी म्हटलं, पहारेकऱ्याचा पाय कुठला? ते म्हणाले, उजवा. मी म्हटलं, तो मी छाटलेला आहे. ते म्हणाले, कशावरून?

मला रिमोट आठवला.

मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले आणि रिमोट मागितला नाही, उचलला. परत आले. आधी दोन नंबरच्या टेबलावरच्या डिटेक्टरसमोर बटण दाबलं. सुई थरथरली. मग तीन नंबरच्या नळीसमोर दाबलं. सुई गप्प. परत दाबलं. गप्प. मग लाल लेसर चालू केला. सुई चढली.

नेने सर सुईवर वाकले होते. ते हळूच म्हणाले, "पहारेकऱ्याला रिमोट दिसला असता. याला दिसत नाही. म्हणजे हा लेसरच."

मग त्यांनी मला आणि तिथे गोळा झालेल्या मुलांना सांगितलं ते असं. रिमोटच्या उजेडात जोर कमी असतो. लेसरला आपल्या स्वतःच्या रंगाचा उजेड दिसतो, किंवा त्याच्याहून जोरदार, हिरवा, निळा. त्याहून हलका त्याला दिसतच नाही. जो रंग तो देतो, तिथून पुढचंच तो घेतो. मी इतकी वर्षं त्या नळ्या पुसत होते. मला वाटायचं त्या नुसत्या बोलतात. त्यांना ऐकूही येत होतं, फक्त आपल्या सुरातलं. कुणी कान लावला नव्हता एवढंच.

साळुंखे सरांनी अश्विनीचा कागद नेने सरांच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर बसले. म्हणाले, मी स्क्रू फिरवतो, सुई वाचतो. तुम्ही कागदाशी ताडा. मुलीने तोंड उघडायचं नाही.

खोलीत काळोख केला. फक्त मीटरवर लहान दिवा. सर एक एक घर स्क्रू फिरवत होते आणि आकडा बोलत होते. नेने सर कागद बघून म्हणत होते, बरोबर. पुढचा. बरोबर. पुढचा, एकाचा फरक. चालेल. सुई खाली येत होती. बाकीच्या टेबलांवर मी ती शेकडो वेळा खाली येताना बघितली होती, अर्ध्यात रेंगाळणारी. इथे ती रेंगाळली नाही. उतरत गेली, उतरत गेली, आणि शून्यावर जाऊन पडली. मेल्यासारखी. सरांनी नळी हलली का म्हणून चाचपली. हलली नव्हती. अजून एक घर फिरवलं आणि सुई परत चढायला लागली.

साळुंखे सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि स्क्रू उलटा फिरवून पुन्हा त्या जागेवर आले. शून्य.

नंतर त्यांनी समजावलं तेव्हा मला ते लगेच पटलं. आमच्या डिटेक्टरचं तोंड भाताच्या दाण्याहून रुंद. त्या तोंडात काळोखही येतो आणि शेजारचा उजेडही येतो, आणि सुई दोघांची सरासरी सांगते. पायलीच्या मापाने मीठ मोजायला गेल्यासारखं. लेसरचं तोंड खसखशीच्या दाण्याहून बारीक. ते काळोखाच्या आत मावतं. म्हणून वीज थोडी देतं, पण खरी देतं.

मला मात्र त्या वेळी माप बिप काही सुचलं नव्हतं. मी ती मेलेली सुई बघत होते. सत्तावीस वर्षांनी मला पहिल्यांदा तो काळोख दिसला होता, ज्याच्यावर मी एकदा चुना मारला होता. इतकी वर्षं मी नेने सरांचं ऐकून मान हलवत होते, पण मनातून मला वाटायचं, थोडा तरी उजेड असेल तिथे. थोडाही नव्हता. दोन्ही बाजूंनी उजेड येत होता आणि त्या जागी काहीही नव्हतं. देवळात गाभाऱ्याशी उभं राहून मला कधी झालं नाही ते तिथे झालं. मी भिंतीला हात टेकला.

अहवालाच्या कागदावर साळुंखे सरांनी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यांनी त्यावर तिरकी रेघ मारली, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग अश्विनीला विचारलं, सुई हलत नव्हती तेव्हा आम्हाला का नाही सांगितलंस?

"परीक्षेत विचारायचं नसतं ना, सर."

"हां," ते म्हणाले. "पण कडेला लिहिलंस. आणि मी वाचलं नाही." त्यांनी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर, साध्या आवाजात. तिला त्या टेबलावरचे दोन मार्क कापले, कारण आलेखाच्या एका बाजूला मोजमाप लिहायला ती विसरली होती. मला ते आवडलं. दया म्हणून दिलेले मार्क त्या पोरीने घेतले नसते.

मला मेमो मिळाला नाही. नेने सर पोहे खाताना म्हणाले, "मावशी, तुम्ही मला एकदा सांगितलं होतं, नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी बशीकडे बघत मान हलवली. त्यापुढे आम्ही कधी त्यावर बोललो नाही. माणूस चांगला होता.

मुलं गेल्यावर अश्विनी तारा गुंडाळायला थांबली. मला वाटलं आभार मानेल. तिने विचारलं, "मावशी, तुम्ही कागद आणून दिलात तेव्हाच तुम्हाला कळलं होतं ना? तुम्ही कपाटाशी उभ्या होतात, मी बघत होते."

मी म्हटलं, "हो."

"मग?"

"भ्याले."

तिने तार गुंडाळली, गाठ मारली. "मी पण," म्हणाली. मग ती नळी हातात घेऊन विचारलान, ही कुठल्या डब्यात ठेवू? मी दोन्ही डब्यांकडे बघितलं. भिंग बशीतून काढून पुसलं, पण नळीला लावलं नाही. कपाटात वरच्या फळीवर एक तिसरा डबा होता, तो काढला. त्यात तांदळाची पुरचुंडी ठेवली, नळी ठेवली, भिंग कागदात गुंडाळून ठेवलं. झाकणावर लिहिलं, दोन्ही.

अश्विनी आता शाळेत शिकवते, राजापूर तालुक्यातच. भेटायला आली की लॅबबद्दल बोलतो, त्या अर्ध्या तासाबद्दल नाही. तिने तो सोडून दिला असेल. मी नाही सोडला. चूक माझ्या डब्याची होती, ती मी माफ केली. गप्प बसले ते डब्याने केलेलं नव्हतं.

निवृत्त झाले त्या आठवड्यात माझ्या जागी आलेल्या बाईला चार्ज दिला. पालीच्या बाजूची, चाळिशीची, आधी एका शाळेत शिपाई होती. मी तिला प्रत्येक डबा उघडून दाखवला, काय कुठे, तांदूळ कधी भाजायचे, रिमोट परत आल्याशिवाय परीक्षेचं टेबल मांडायचं नाही. तिसऱ्या डब्याशी आल्यावर मी काही सांगितलं नाही. म्हटलं, ही नळी मीटरला जोड आणि खिडकीशी जा.

तिने जोडली. बाहेर ऊन होतं. ती खिडकीत उभी राहिली, नळी इकडे तिकडे वळवत. मग थांबली. नळीवर हात धरला, काढला, परत धरला. मी ओळखीचं काहीतरी बघत होते.

"मावशी, हा तर लेसर ना? उजेड देणारा?"

"देणारा."

"मग सुई का हलते?" तिने विचारलं, आणि जरा ओशाळून म्हणाली, "तार ढिली असेल."

"तार ढिली नाही," मी म्हटलं. "तू बरोबर बघितलंस. तो घेतो पण."